साडेसात खळगे

पडद्यावर दगडाचा फोटो आला आणि चंद्रभानच्या हातातला फुटाणा हातातच राहिला.

काळा दगड, बसलेल्या म्हशीएवढा. पाठीवर एका ओळीत बोटभर खोल खळगे. सात पूर्ण. आठवा अर्धा.

तो दगड त्याच्या ओळखीचा होता. ओळखीचा कसला, त्याच्या बापाचा होता.

अठ्ठ्याहत्तरचा डिसेंबर. नागपूरच्या धंतोलीतलं सभागृह गच्च भरलेलं. चंपतराव वकील कोर्टातून निवृत्त झाल्यावर एकाच गोष्टीच्या मागे लागले होते. हिंगण्याकडच्या रानात दगडांचे जुने गोल आहेत ना, ते म्हणे माणसांनी मांडलेच नाहीत. आकाशातून कोणी आले, त्यांनी मांडले. तशी पुस्तिकाही छापली होती त्यांनी. दारातच विकायला ठेवलेली.

"विचार करा," वकील म्हणत होते. "हे अजस्र दगड. ना क्रेन, ना रस्ता. आणि इथली त्या काळची माणसं कोण? रानात कंदमुळं खाणारी. यांनी हे केलं असेल?"

"छे छे," पुढच्या रांगेतून आवाज आला.

"आणि हा दगड तर कळस आहे. सात खळगे म्हणजे सप्तर्षी. आठवा मुद्दाम अर्धा ठेवलाय. तो त्यांचा ग्रह, ग्रहणात सापडलेला. हा नकाशा आहे. घरी जायचा नकाशा!"

टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या गोविंदानंही वाजवल्या. तो चंद्रभानच्याच कारखान्यातला, त्याच्याच पाळीतला, आणि टाळ्या त्याला कुठंही चालायच्या.

चंद्रभान उभा राहिला. गोविंदानं शर्ट ओढला. "बस ना बे!"

"साहेब, गोलांचे दगड जुनेच आहेत. पण ते माणसांनीच मांडले. त्या गोलांतून निघालेल्या लोखंडी कुऱ्हाडी अजब बंगल्यातल्या संग्रहालयात ठेवल्या आहेत, मी पाहिल्या आहेत. आणि हा फोटोतला दगड तर जुनाही नाही. हे खळगे माझ्या बापानं पाडले. दगड फोडायला असेच पाडतात. ओळीनं खळगे, त्यात पाचर, वरून घण."

"अस्सं? मग आठवा अर्धा का बरं?"

"तिथून उठून गेला तो."

"कुठे? चहाला?" मागून कोणीतरी बोललं. हॉल खदखदून हसला.

"दीक्षा घ्यायला," चंद्रभान म्हणाला.

हसू थांबलं. पण ते हसून घेतलेलं होतंच.

गोष्ट खरी होती. छप्पन साली त्या रानालगतच्या त्यांच्या गावात मालगुजारानं, म्हणजे जमीनदारानं, देऊळ बांधायला काढलं. पायऱ्यांचा दगड फोडायला चंद्रभानचा बाप, नत्थू. म्हणजे पायरी त्यानं फोडायची आणि त्या पायरीवर पाय मात्र त्यानं ठेवायचा नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वस्तीतले लोक पांढरे कपडे घालून नागपूरला निघाले. मालगुजाराचा दिवाणजी येऊन नत्थूला म्हणाला, "आधी दगड फोड, मंग जाय धरम बदलवाले." नत्थूचा आठवा खळगा अर्ध्यावर आला होता. त्यानं छिन्नी फडक्यात गुंडाळली आणि चालायला लागला. गावात परत राहायला गेलाच नाही. पुढची वीस वर्षं दुसऱ्या खदानींत दगड फोडला. आता छातीत धूळ भरून खोकत नागपूरच्या एका वस्तीतल्या खोलीत बसलेला असायचा.

पण दर दसऱ्याला तो चंद्रभानला त्या दगडापाशी न्यायचा. लहान चंद्रभानचं बोट धरून आठव्या खळग्यात घालायचा. बोट मधल्या पेरापाशी अडायचं.

"इथपर्यंत मी त्याइचा होतो," बाप म्हणायचा. बस, एवढंच.

त्यांच्या घरी सातबारा नव्हता, भिंतीवर वाडवडलांचे फोटो नव्हते. तो अर्धा खळगा होता.

हे सगळं त्या हॉलमध्ये कसं सांगणार?

वकिलांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. तुम्ही रविवारी वडिलांना घेऊन या दगडापाशी. राहिलेला खळगा त्यांनी आमच्यासमोर पुरा करावा. बाकीच्यांसारखाच उतरला, तर नव्या आवृत्तीतून हा दगड मी स्वतः काढून टाकीन."

"आणतो," चंद्रभान म्हणाला. इतका चटकन म्हणाला की आपण काय कबूल केलं तेही त्याला कळलं नाही.

घरी बापानं ऐकून घेतलं.

"काहून जाऊ मी?"

"बा, ते म्हणून राहिले का हे तू केलंच नाही. आकाशातल्याइनं केलं."

"म्हणू दे. पहिले तरी कधी म्हणले का ते, का नत्थूनं केलं?"

"म्हणूनच ना! एकदा दाखवून दे."

"अर्धं सोडलं ते सोडलं, चंद्र्या. ते पुरं नसते करा लागत."

भागीरथा, चंद्रभानची आई, चुलीपासून म्हणाली, "जाऊन या ना जी. पोरगा इतका म्हणून राहिला."

"तू नोको बोलू वं मधात."

चंद्रभाननं शेवटचं अस्त्र काढलं. "भर सभेत मले हसले, बा."

म्हाताऱ्यानं मान वर केली. "तुले हसले?"

मग बराच वेळ खोकला. मग उठून लोखंडी पेटी उघडली आणि कपड्यांखालून फडकं काढलं. छिन्नीला तेल लावलेलं होतं. बावीस वर्षं लावत आला होता वाटते.

रविवारी रानात पंचवीसेक माणसं जमली होती. डबे, सतरंज्या, दोन कॅमेरे. सहलच.

"ये बाबा, ये," वकील म्हणाले. पोराला तुम्ही, बापाला तू.

नत्थूनं आधी दगडावर वीत टेकवली. अंगठा एका खळग्याच्या कडेला, करंगळी दुसऱ्याच्या. सातही वेळा बरोबर. दोघा-चौघांनी आपलीही वीत लावून पाहिली. एकाचीही बसली नाही. चंद्रभाननं वकिलांकडे बघितलं. वकील रुमालानं मान पुसत होते.

मग म्हातारा बसला. छिन्नी टेकवली, हातोडी उचलली, आणि उचललेलीच धरली. त्यानं वळून पोराकडे पाहिलं.

"पाडू?"

"पाड, बा."

दीड-दोन तास लागले. मधे खोकल्यानं तो दोनदा आडवा झाला. पाणी मागितलं तर एका बाईनं वरून ओंजळीत ओतलं. बाकी सगळे ग्लासनं पीत होते.

झाला एकदाचा. वकिलांनी बोट घातलं, मग सगळ्यांनी घातलं. आठही सारखे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले.

"आता बोला, साहेब," चंद्रभान म्हणाला.

"अद्भुत!" वकील नत्थूजवळ वाकले. "कुणी शिकवलं रे बाबा तुला?"

"माह्या बापानं."

"आणि त्याला?"

"त्याच्या बापानं."

"आणि त्याच्या बापाला?"

"मले काय माहीत जी?"

वकील ताठ झाले. लोकांकडे वळले. "ऐकलंत? पिढ्यान्‌पिढ्या हात चालतात, पण मूळ गुरू कोण, हे यांना माहीत नाही! आपल्याला माहीत आहे."

पुन्हा टाळ्या. पहिल्यापेक्षा जोरात.

"अहो, काय बोलता!" चंद्रभान ओरडला. "बापानंच पाडले ना? तुमच्यासमोर? तो अर्धा कशानं राहिला होता ते सांगितलं ना मी तुम्हाला?"

"अर्धा?" वकील दगडाकडे वळले. शांतपणे, कोर्टात बोलतात तसं बोलले. "कुठे आहे अर्धा? दाखवा बरं."

चंद्रभाननं दगडाकडे पाहिलं.

आठ खळगे. सगळे सारखे.

परतीच्या बसमध्ये बाप खिडकीशी बसला होता. मांडीवर फडक्यातली छिन्नी.

"बा. बोल ना काही."

"काय बोलू?"

"काहीही बोल. शिवी दे."

हिंगणा मागे पडलं तेव्हा कुठं म्हातारा बोलला. "बावीस वर्षानं त्याइचं काम पुरं करून देलं गा आपण." आपण म्हणाला. तू म्हणाला असता तर बरं झालं असतं.

मार्चमध्ये पुस्तिकेची नवी आवृत्ती आली. गोविंदानं आणून दाखवली. दगड काढला नव्हता. त्याला आता दोन पानं दिली होती. आठ खळगे म्हणजे आठ दिशा, असं त्यात होतं. ग्रहण गेलं होतं. खाली नत्थूचा फोटो, छिन्नी हातात, तोंड उघडं, खोकताना काढलेला. फोटोखाली लिहिलं होतं, 'आकाशविद्येचा अजाण वारस, एक खेडूत मजूर.' नाव नव्हतं.

चंद्रभाननं वकिलांना तीन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. पावसाळ्यात बाप गेला. त्यानं ती पुस्तिका पाहिली नव्हती. घरात कोणी दाखवलीच नाही.

दसऱ्याला चंद्रभान एकटाच हिंगण्याला गेला. दगडाला कुणीतरी चुन्यानं नंबर घातला होता. भोवती नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या, उदबत्तीच्या काड्या होत्या. पुस्तिका वाचून लोक पाया पडायला यायला लागले होते.

तो खाली बसला. आठव्या खळग्यात बोट घातलं.

बोट पार तळापर्यंत गेलं. मधे कुठंच अडलं नाही.