नवव्या पायरीवरचा निळा थेंब

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. माझ्या गळ्यात सुतळीने चिठ्ठी बांधली आहे. मी उभी आहे त्या खोलीला बाहेरून कुलूप असतं. शेजारी एक सुरा आणि रॉकेलचा डबा आहे. आम्ही एकमेकांशी बोलत नाही.

मला बारा पायऱ्या. वीस वर्षं मी दोन रंगारी भावांकडे राबले. धाकट्याला उंचीवर चक्कर यायची, म्हणून तो आठवीच्या वर कधी चढला नाही. वरचं सगळं दादाचं. लोक छताकडे बघत आणि शाबासकी दादाला देत. माझे पाय धरून खाली उभा असलेला धाकटा ते ऐकायचा, तेव्हा त्याची पकड घट्ट व्हायची. मला वाटायचं, काळजीनेच.

एका दुपारी दादा जेवायला गेला. धाकट्याने मला आडवं केलं. नवव्या पायरीला खालून करवत लावली आणि निम्म्याहून खोल काप घेतला. त्यात पुट्टी भरली, घासली, रंगवली. ओरडायला मला तोंड कुठे होतं?

"चढ दादा, उजेड आहे तोवर आटपू," तो म्हणाला आणि त्याने माझे पाय धरले.

दादाची एक सवय होती. चढताना पुढची पायरी आधी हाताने ठोकायची. सातवी, आठवी खणखणीत बोलल्या. नववी बद्द वाजली. दादा थांबला, उतरला, मला आडवं केलं. नखाने पुट्टी उकरली, तर आत करवतीचे ताजे दात. घरमालकीणबाईंनी ते पाहिलं आणि पोलिसांना बोलावलं.

कोर्टात धाकटा म्हणाला, "भेग पडली होती साहेब, मी बुजवली. सख्ख्या भावाचं वाईट चिंतीन का मी?"

त्याचे वकील म्हणाले, "कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. याच्या मनात काय होतं, कुणी पाहिलंय?"

"मन दिसत नाही," न्यायाधीशबाई शांतपणे म्हणाल्या. "पण हातांनी काय केलं, ते दिसतं." त्यांनी दादाकडे पाहिलं.

दादा 'मीच दुरुस्त करायला सांगितलं होतं' एवढं म्हणाला असता, तर धाकटा सुटला असता. उद्या पुन्हा माझे पाय धरून खाली उभा राहिला असता.

मला पुरावा म्हणून तिथे उभं केलं होतं. दादा माझ्याजवळ आला.

"हिच्यावरचा थेंब न् थेंब मला पाठ आहे. आठवीवरचा हिरवा दवाखान्याचा, दहावीवरचा पिवळा शाळेचा. नववीवर निळा थेंब कधीच नव्हता." तो भावाकडे वळला. "अरे, दुरुस्ती असती तर पुट्टी पांढरीच ठेवली असतीस. मला ओरडून सांगितलं असतंस. तू तर जुने डागसुद्धा रंगवलेस. हुबेहूब जमलेत रे."

धाकट्याने मान खाली घातली. दादाने त्याच्या कामाचं कौतुक केलं, ते हे पहिलंच.

शिक्षा झाली. मुद्देमालाच्या खोलीतून मला न्यायला मात्र कुणी आलं नाही. माझी नववी पायरी आजही लांबून धडधाकट दिसते.

मित्रांनो, चढण्याआधी पायरी ठोकून बघा. खाली शिडी धरणाऱ्यालाही वेळेवर दोन शब्द बोला. आणि हातातलं काम लपवावंसं वाटलं, तर करवत तिथेच थांबवा. पुढचा कुणी पडो वा न पडो, काप तुमचाच असतो.