घरापुरतं ऊन

नझरशो खोटं बोलत नसे, आणि त्याबद्दल बर्तांगच्या खोऱ्यातल्या त्या गावानं त्याला कधी डोक्यावर घेतलं नव्हतं. माणसं आपसात थोडंफार खोटं बोलतात म्हणून तर शेजार टिकतो. पण गावाच्या दिवसांचा हिशोब ठेवणाऱ्या हिशोबदाराला ती सोय नसते. गावात घड्याळं होती, भिंतीवर टांगायला राजधानीत छापलेली कॅलेंडरंही यायची. मात्र नांगर कधी काढायचा आणि याक वर कधी न्यायचे, हे त्या गुळगुळीत कागदावर लिहिलेलं नसे. ते नझरशोनं सांगायचं. रोज सकाळी गावाबाहेरच्या खुणेच्या दगडाला पाठ लावून बसायचं आणि समोरच्या कड्याच्या कोणत्या खाचेतून सूर्य वर येतो ते बघायचं. हिवाळ्याचे चाळीस दिवस चिल्ल्याचे. त्या दिवसांत सूर्य माणसाच्या बाहेर असतो. चिल्ला संपला की तीन दिवस तो कुत्र्यात मुक्काम करतो आणि मग माणसात शिरतो. आधी पायाच्या नखात, तीन दिवसांनी पावलात, मग घोट्यात, नडगीत, गुडघ्यात, असा तीन-तीन दिवसांनी वर चढत जातो. काळजात पोचला की नांगर बाहेर काढायचा.

हे काम त्याच्याकडे बापाकडून आलं होतं. सामुदायिक शेतीच्या दिवसांत एकदा वरून हुकूम आला, अमुक तारखेला पेरा. बाप अध्यक्षाला म्हणाला होता, "साहेब, तुमच्या कागदात सूर्य कुठंही असू दे, आमच्याकडं तो अजून नडगीत आहे." हुकमानं पेरलेलं सगळं बियाणं गारठून गेलं. त्यानंतर बापाच्या शब्दापुढं कुणी गेलं नाही, आणि बापामागून नझरशोच्याही. एवढा मान पाठीवर घेऊन पन्नास वर्षं काढली की माणूस ताठ होतो. नझरशो तसा ताठच होता.

त्या वर्षी त्याची बायको नेकबख्त पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती. खोरोगच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी शरद ऋतूतच सांगितलं होतं, घरी न्या, आवडीचं खाऊ घाला. मुलगा मॉस्कोत बांधकामावर, रस्ता हिमकडे कोसळून बंद. घरात नझरशो आणि सून सवसन, दोघंच. नेकबख्त छतातल्या झरोक्याच्या चौकटीखाली, खांबाला टेकून पडलेली असे. तिथून आभाळाचा तुकडा दिसायचा.

रोज सकाळी तो बर्फ झाडत आत आला की तिचा एकच प्रश्न असे.

"कुठवर आलं ऊन?"

"अजून चिल्ल्यातच."

"कितवा?"

"बाविसावा."

"हं," म्हणून ती डोळे मिटून घ्यायची. दूध-मिठाचा चहा समोर निवून जायचा. त्यात भिजवलेली भाकरी तशीच राहायची.

नझरशोनं एक गोष्ट आयुष्यभर पाहिली होती. दर हिवाळ्यात नेकबख्त मलूल व्हायची, कमी बोलायची, कमी खायची. आणि ऊन नखाला लागलं असं त्यानं छतावरून ओरडून सांगितलं की ही बाई उठायची, घरभरची काजळी झाडायची, खांबांवर सणाचे पिठाचे ठिपके उमटवायची आणि दुपारपर्यंत साऱ्या गल्लीशी भांडून मोकळी व्हायची. बेचाळीस वर्षं असंच झालं होतं. त्यामुळे त्याच्या मनानं घेतलं की तिला अन्न नको झालेलं नाही, तिला ऊन हवं आहे. माणूस हताश झाला की असाच विचार करतो, आणि तो त्याला पुराव्यासारखा पक्का वाटतो.

त्या दिवशी शेजारचा मिर्झो वाळलेलं शेण द्यायला आला. पन्नाशीचा गडी, तोंडाचा फटकळ. डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती.

"काका," अंगणात येऊन तो म्हणाला, "काकू पिसासारखी झालीय हो. सूर्य तुमच्या शब्दात आहे म्हणतात. जरा पुढं ढकला की त्याला!"

"तोंड सांभाळ, मिर्झो."

"चेष्टा केली. तुम्हाला कुठली जमायला! तुम्ही तर मरणाऱ्यालाही आजची तारीख बरोबर सांगाल."

बोलला आणि जीभ चावून निघून गेला. पण ते वाक्य नझरशोच्या कानात दिवसभर वाजत राहिलं.

दुसऱ्या दिवशी, चिल्ल्याच्या तेविसाव्या सकाळी, सूर्य जिथून यायचा तिथूनच आला, नखाच्या खाचेपासून कितीतरी दूर. नझरशो तो दिसेपर्यंत थांबला, मनात तेवीस मोजले आणि घरी आला. पण दारातून आत न जाता शिडीनं छतावर चढला. चौकटीभोवतीचा बर्फ हातानं बाजूला केला आणि वाकून आत हाक मारली. गल्लीत ऐकू जाऊ नये म्हणून आवाज अर्धाच ठेवला होता.

"घरवाल्यांनो, ऊन नखाला लागलं!"

खाली सवसनच्या हातातली कढई खणकन वाजली. तो आत आल्यावर तिनं त्याला शेळ्यांच्या गोठ्यापाशी गाठलं.

"बाबा, हे काय? काल तर बाविसावा होता ना?"

"आज तेविसावा आहे."

"मग?"

"गावाला नाही सांगायचं. हे या घरापुरतं ऊन. पीठ घे, खांबांना ठिपके लाव. सुकवलेलं मटण उरलंय ना? गव्हात घालून सणाची लापशी लाव. ती दोन घास खाईल."

सवसननं त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस खोटं बोलताना इतका म्हातारा दिसेल असं तिला वाटलं नव्हतं. ती पिठाची थैली आणायला गेली.

आणि खरोखर नेकबख्त उठून बसली. खांबावरचे ठिपके बघून हसली. "वाकडे लावलेस गं," सुनेला म्हणाली, "माझ्या सासूनं असे बघितले असते तर तुला खांबालाच बांधलं असतं." लापशीचे चार घास खाल्ले. नझरशोला आभाळ ठेंगणं झालं. पन्नास वर्षं उगाच जपलेल्या खरेपणाचा त्याला त्या घटकेला चक्क राग आला.

"नदीकाठची माती सुटली का हो?" तिनं विचारलं.

"सुटली की! कुदळ मारली तर चिखल लागेल." एकदा बोलायला लागल्यावर त्याला भानच राहिलं नाही.

"आणि वरच्या टेकडीची?"

"तिथलीसुद्धा. यंदा लवकर वितळलंय सगळं."

"बरं झालं," नेकबख्त म्हणाली, आणि पुन्हा एकदा म्हणाली, "बरं झालं बाई." मग तिनं सवसनला पाणी तापवायला सांगितलं. तिला केस धुवायचे होते.

नझरशो बाहेर येऊन उगाचच अंगण झाडत बसला. वरच्या टेकडीवर गावाचं कब्रस्तान आहे, हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? पण आनंदात माणसाला ऐकू येतं, कळत नाही.

थोड्या वेळानं सवसन बाहेर आली. हात कोपरापर्यंत ओले, त्यावरून वाफ निघत होती. ती रडत होती.

"बाबा, आई काय म्हणाली माहितीये?"

"काय?"

"म्हणाली, माझा भाऊ चिल्ल्यात गेला तेव्हा दोन दिवस पोरं गोठलेली जमीन फोडत होती. मिर्झोची दोन बोटं त्यातच गेली. तेव्हाच मी ठरवलं होतं, चिल्ल्यात नाही मरायचं, कुणाच्या हाताची बोटं घेऊन मरायचं नाही. ऊन नखाला लागेपर्यंत दात आवळून जीव धरून पडले होते गं, म्हणाली. फार दुखतं, पण धरून होते. आता माती सुटली. आता मी मोकळी." सवसननं ओल्या हातांनीच तोंड झाकलं. "मी काय बोलू तिला? तुम्ही जा. सांगा तिला, की खोटं होतं."

नझरशोनं झाडू भिंतीला टेकवला.

म्हणजे ती उन्हासाठी जगत नव्हती. ती मातीसाठी थांबली होती. बेचाळीस वर्षं जिला ओळखतो असं तो समजत होता, तिचा एवढा साधा हिशोब त्याला कळला नव्हता. आणि आता आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. चिल्ला संपायला अजून सतरा दिवस आहेत, मग कुत्र्याचे तीन. एवढं म्हटलं की ती पुन्हा जीव धरील. ती तशी चिवटच होती. आणखी एकवीस दिवस ती त्याच्यासमोर श्वास घेईल. कदाचित रस्ता खुला होईल, मुलगा येईल, आईचं तोंड बघेल. त्याला हे हवं होतं. इतकं हवं होतं की पाय आपोआप दाराकडे निघाले.

आत नेकबख्त ओले केस मोकळे सोडून पडली होती. चौकटीतून पडलेला उजेड तिच्या चेहऱ्यावर होता. ओठाची खालची कड चावून चावून फाटलेली होती. हे इतके दिवस आपल्याला दिसलं कसं नाही, असं त्याला झालं. तो रोज यायचा, तारीख सांगायचा आणि चहा प्यायचा.

"अहो हिशोबदार," ती डोळे न उघडता म्हणाली. "खरंच ना?"

तिनं पुन्हा का विचारलं, ते त्याला पुढं कधीच कळलं नाही. कदाचित त्याच्या पावलांवरून तिला काही जाणवलं असेल. तिनं हात पुढं केला. पोटात कळ आली तशी त्या हाताची बोटं त्याच्या मनगटात रुतली आणि ती कळ जाईपर्यंत तशीच राहिली.

"गळ्याची शपथ घेऊ का?" तो म्हणाला.

"नको. तुम्ही कधी खोटं बोललाय?"

"नाही," नझरशो म्हणाला. "ऊन नखाला लागलंय. मी बघितलं."

पहिल्यांदा तो बोलला होता तिला जगवायला. दुसऱ्यांदा बोलला ते तिला सोडायला, आणि ते सगळं कळून सवरून.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेकबख्त गेली. फारसा त्रास झाला नाही. सवसन म्हणाली, ओझं खाली ठेवावं तशी गेली.

टेकडीवर पाच माणसं होती. बर्फ बाजूला सारून शेणी आणि काटक्या पेटवल्या, तास-दीड तास जाळ धरला, की वीतभर माती निघायची. त्याखाली पुन्हा दगड. पहार मारली की ठिणगी उडायची आणि धक्का खांद्यापर्यंत जायचा. नझरशोनं कुणाचं न ऐकता पहार घेतली होती. हाताची साल निघाली तरी तो थांबेना.

मिर्झो हातमोजे काढून फुंकर मारत होता. "काका, तुम्ही बसा. माझी अजून आठ शिल्लक आहेत."

कुणीतरी हसलं.

"मिर्झो," तो म्हणाला, "तिला तुझ्या बोटांचंच लागलं होतं रे. म्हणून ती थांबली होती. मी तिला सांगितलं, माती मऊ झालीय."

मिर्झोनं हातमोजे परत चढवले.

"मग मऊ करू," तो म्हणाला, आणि पहार घेतली.

अंधार पडेस्तोवर खड्डा गुडघ्याएवढा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी छातीएवढा. तेव्हा तिला ठेवलं. या खेपेला बोटं कुणाचीच गेली नाहीत, एवढं मात्र बरं झालं.

पुढचे दिवस नझरशो पहाटे उठायचा, दगडाला पाठ लावून बसायचा आणि मोजायचा. चुकला नाही. चिल्ला संपला, कुत्र्याचे तीन दिवस झाले, आणि चव्वेचाळिसाव्या सकाळी सूर्य नेमका नखाच्या खाचेतून वर आला. तो गावात उतरला. एकेका छतावर चढून त्यानं पूर्ण आवाजात हाक दिली. खालून बायकांचा कलकलाट उठला, पिठाच्या थैल्या उघडल्या, पोरं ओरडत गल्लीत आली. स्वतःच्या छतावर तो चढला नाही. त्या घरात हे आधीच सांगून झालं होतं.

तो टेकडीवर गेला. खरं सांगायला गेला होता. वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती. त्या दिवशी तेविसावा होता, मी फसवलं तुला, आज लागलं बघ नखाला, आज. आयुष्यभर ज्या माणसानं चुकीची तारीख तोंडातून काढली नाही, त्यानं निदान तिच्यापाशी तरी हिशोब नीट करावा, असं त्याला वाटत होतं.

थडग्यापाशी तो गुडघ्यांवर बसला. माती वरवर ओली होती, आत तशीच टणक. त्यानं तोंड उघडलं, आणि त्याला ती दिसली, फाटलेल्या ओठाची, विचारणारी. गेले एकवीस दिवस तिच्या लेखी ऊन पुढं सरकतच होतं. नखातून पावलात, घोट्यात, नडगीत, गुडघ्यात, मांडीत, कमरेत. ते आता मागं कसं न्यायचं? मेलेल्या बाईला पुन्हा चिल्ल्यात कसं ढकलायचं?

नझरशो रडला. लाज न बाळगता, मोठ्यानं रडला. खाली गावात सणाचा धूर चढत होता. मग त्यानं नाक पुसलं आणि खालच्या गावाचा हिशोब बाजूला ठेवून तिचा, तिच्यापुरता हिशोब सांगितला.

"नेकबख्त," तो म्हणाला, "ऊन आज पोटात आलं. आता जरा शेक लागेल बघ."