पातळ नमुना

निशिकांतची लघवी सलग दुसऱ्यांदा नापास झाली. फोन त्याच्या बायकोला, नीलिमाला आला, कारण इस्पितळाचा नंबर दिसला की हे महाशय उचलतच नसत.

"फारच पातळ आहे," पलीकडची नर्स अदबीने म्हणाली. "त्यात काही सापडत नाही. सकाळी उठल्यावरची पहिली हवी. आधी पाणी प्यायचं नाही."

गेल्या वर्षी निशिकांतच्या मूत्राशयातली गाठ काढली होती. ती परतली का हे पाहायला दर काही महिन्यांनी आत दुर्बीण घालत, आणि दुर्बिणीचं नाव काढलं की याचा चेहरा उतरे. त्यामुळे डॉक्टरांनी नव्या संशोधनाचं सांगताच त्याने आनंदाने सही ठोकली. शरीरातल्या पेशी लघवीत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पुड्या सोडतात. आत काय चाललंय याची खबर त्या पुड्यांत असते, आणि ती वाचून गाठ ओळखता येते का, हे तिथे तपासत होते. "अजून तपासतोच आहोत, दुर्बीण चुकायची नाही," असं डॉक्टरांनी बजावलं. नीलिमाने ते ऐकलं, निशिकांतने नाही. "नमुना पास होऊ दे, मग बघू," म्हणत त्याने दुर्बिणीची तारीखही पुढे ढकलली होती.

तेवढ्यात स्वारी बेडोकच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवरून परतली. बोटाला दोरी लावलेली प्लास्टिकची पिशवी लटकलेली, तिच्यात बार्लीचं पाणी आणि प्यायची नळी.

"आणखी एक?"

"थंड असतं गं. आतून सगळं धुऊन निघतं."

"अहो, तेच तर धुऊन निघतंय! उठल्या उठल्या धण्याचं पाणी, मग हे, मग शहाळं. रक्त तपासायचं असलं की आधी दोन दिवस गोड सोडणारे तुम्ही. रिपोर्ट झकास येतो आणि साखर जिथल्या तिथे!"

"रिपोर्ट चांगला यायला नको का?"

"खरा यायला हवा! जन्मभर बँकांचं ऑडिट केलंत. तुम्ही येणार म्हणून शाखेला रंगरंगोटी करणाऱ्या मॅनेजरला काय म्हणायचात?"

निशिकांतने मान दुसरीकडे वळवली. तोंडातली नळी मात्र सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत नीलिमाने पाण्याचा जग कपाटात घातला आणि बाथरूमच्या दाराशी उभी राहिली. आतून नळाचा आवाज आला.

"नळ बंद करा! नमुन्याच्या बाटलीत पाणी घातलंत तर मी आत येईन."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"तुमचा काही भरवसा नाही मला."

नळ थांबला. शेवटी दार उघडलं. बाटली नॅपकिनमध्ये गुंडाळलेली होती.

"बघू."

"त्यात बघायचंय काय?"

तिने नॅपकिन ओढला. कोकम सरबतात पाणी जास्त पडावं, तसा फिकट लाल रंग होता.

"हे कधीपासून?"

"पाणी प्यालं की दिसत नाही," तो म्हणाला. "दिवसभर अजिबात दिसत नाही, नीलिमा."

वर्षभर पुरेल एवढं तिच्या जिभेवर आलं होतं. नर्सला उत्तरं देऊन, पिशव्या मोजून, ओरडून ती थकली होती, आणि हा माणूस एवढे दिवस एकटाच हे पाण्याखाली दडपत होता. तिने झाकण घट्ट फिरवलं.

"ही बाटली त्या पुड्यावाल्यांना. पण आधी डॉक्टरांना रंग सांगायचा, आणि ते म्हणतील त्या दिवशी दुर्बीण. चला, चप्पल घाला."

"आजच?"

"नाही, दिवाळीनंतर!"

त्याची नजर सवयीने ओट्यावर जग शोधू लागली. नीलिमाने कपाटातून जग काढला, भरला आणि त्याच्यापुढे आदळला.

"प्या आता हवं तेवढं. बाटलीचं झाकण लावलंय."