जसंच्या तसं

कोर्टात दुभाषी म्हणून लागायचं तर तोंडी परीक्षा द्यावी लागते, आणि ती दोनदाच देता येते. एका घरच्या सुनेची त्यातली पहिली खेप नापास होण्यात गेली होती.

इंग्रजीत ती कच्ची नव्हती. ओट्यावरच्या टाइल्सवर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या: ‘थ्रो द बुक’ म्हणजे कायद्यात बसेल तेवढी शिक्षा ठोकणे, ‘हिअरसे’ म्हणजे ऐकीव पुरावा. भांडी घासताना पाठांतर चाले आणि पायाशी बसलेला लेक ताटलीवर चमचा आपटून दुजोरा देई.

घोडं अडत होतं ते भलतीकडेच. सरावाच्या वर्गात साक्षीदार झालेला माणूस वकिलावर इंग्रजीत गरजला, की तू धडधडीत खोटं बोलतोस. तिनं मराठी केलं, “आपल्या सांगण्यात थोडी तफावत वाटते.”

शिकवणाऱ्या बाईंनी चष्मा काढला. “अगं, तो खोटारडा म्हणाला. तू त्याच्या तोंडात साखर का घालतेस? साक्षीदार ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं. शिवी दिली की शिवी. घरी सारखी कुणाची समजूत काढत असतेस का गं?”

तिथे ती हसली. बसस्टॉपवर पोचेपर्यंत हसू उतरलं.

सासऱ्यांनी नातवाला गॅलरीत बसवून त्याचे कुरळे केस स्वतःच कापले होते. पोर एका बाजूनं तुळतुळीत, दुसऱ्या बाजूनं झाडू. तेव्हापासून बापलेकांचा अबोला. सासरे गॅलरीत, नवरा आतल्या खोलीत, आणि मधल्या बोळात ही. सासरे म्हणत, “सांग त्याला, मला अक्कल शिकवू नकोस.” ती आत जाऊन सांगे, “बाबा म्हणताहेत, चुकलंच जरा.” नवरा म्हणे, “सांग त्यांना, ते पोर आहे, कुंपण नाही.” ती बाहेर सांगे, “तो म्हणतोय, केस काय, वाढतील.”

त्या संध्याकाळी लेकाला कडेवर घेऊन ती बोळात उभी राहिली. “माझी परीक्षा जवळ आलीय. आता जे बोलाल ते जसंच्या तसं पोचेल. विचार करून बोला.”

विचार कुणीच केला नाही.

“मी तुझा बाप आहे,” ती आत जाऊन नवऱ्याला म्हणाली, “आणि तुझ्या डोक्यात भुसा भरलाय.”

नवऱ्याचा चहा कपातच राहिला. मग त्यानंही सुनावलं.

“बाबा,” ती गॅलरीत म्हणाली, “तुमचा हात थरथरतो. केस गेले चुलीत, माझ्या पोराचा कान गेला असता. मी घाबरलो होतो.”

सासऱ्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग बोलले. तिनं कडेवरच्या लेकाला सावरलं. आत जाऊन तिनं सपाट आवाजात सांगितलं, “मला त्याला उचलता येत नाही. त्याच्यामागे पळता येत नाही. तुझे केस मीच कापायचो. म्हटलं, एवढं तरी करावं.”

नवरा उठला आणि तिला ओलांडून थेट गॅलरीत गेला. बाहेर आवाज चढले, उतरले, आणि मग सासऱ्यांनी हाक मारली.

“सूनबाई, परवा मी म्हणे ‘चुकलंच जरा’ म्हणालो?”

“आणि ‘केस काय, वाढतील’ असं मी कधी म्हणालो?” नवऱ्यानं विचारलं.

“मीच बोलले,” ती म्हणाली.

“हिला लवकर कोर्टात पाठव रे,” सासरे मुलाला म्हणाले, “घरात हिचा भरवसा नाही.”

परीक्षेत साक्षीदार झालेल्या गृहस्थांनी न्यायाधीश म्हणून बसलेल्या परीक्षकांवरच मराठीत तोंड सोडलं. जुनी साखर तिच्या जिभेवर आली. ती तिनं गिळली, परीक्षकांच्या डोळ्यांत पाहिलं आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, “मी इथे घसा फोडतोय आणि तुम्ही जेवल्यापासून पेंगताय.”

परीक्षक सावरून बसले. पाणी प्याले. मग तिच्या नावापुढे ‘उत्तीर्ण’ लिहीत इंग्रजीत पुटपुटले, की आपण पेंगत नव्हतो, डोळे मिटून ऐकत होतो.

तिनं लगेच साक्षीदाराकडे वळून तेही मराठीत सांगितलं.