कपाटातले आठ दिवस

सर, तिने खोटं लिहिलं नव्हतं. नासधूस तुम्ही केलीत आणि शिक्का तिच्यावर मारलात. मी हे तोंडावर सांगतो, कारण मला तुमच्याकडून मार्क नकोत.

मित्रांनो, मी उंदीर मारायचा एक जुना सापळा आहे. फळीचा तुकडा, एक स्प्रिंग आणि तारेची चौकट, एवढाच माझा पसारा. पहिली चार वर्षं मी एका शिलाईवालीच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे काढली. सात उंदीर मारले. त्याचा अभिमान नाही, पण मी कामचुकार नव्हतो.

मग तिच्या नववीतल्या मुलीने मला उचललं. वर्गाला प्रकल्प मिळाला होता: सापळ्याच्या स्प्रिंगवर चालणारी गाडी. शाळेत परीक्षक म्हणून येणाऱ्या पाहुण्यांसमोर जिची गाडी सर्वांत लांब जाईल, ती मोठ्या प्रदर्शनाला जाणार होती.

"बोटं सांभाळ गं," आई म्हणाली. "चेचलीस तर माझी काजं-बटणं कोण करणार?"

"म्हणजे तुला काजांची काळजी."

"बोटांचीही आहे. काजांची जरा जास्त."

मुलीने माझ्या तारेला बांबूची लांब काडी बांधली. काडीच्या टोकाला दोरा, आणि तो दोरा मागच्या आसाला गुंडाळलेला. आस म्हणजे विणकामाची सुई, चाकं म्हणजे जुन्या सीडी, कडेला फुटक्या फुग्याचं रबर. स्प्रिंग सुटली की काडी दोरा ओढायची आणि चाकं फिरायची. पहिल्या दिवशी मी अर्धा मीटर जाऊन आडवा झालो. एकविसाव्या दिवशी गॅलरीतून थेट जिन्यापर्यंत गेलो: चौदा मीटर. आईच्या टेपने मोजून तिने सगळं वहीत लिहिलं. तो अर्धा मीटरसुद्धा.

आईची एक सवय होती. शिलाई संपली की ती मशीनच्या दोऱ्याचा ताण सैल करायची. म्हणायची, "दिवसभर ताणलंय, आता सोड बिचाऱ्याला." मुलीने तेच उचललं. रोज संध्याकाळी ती माझी स्प्रिंग सोडून ठेवायची. मित्रांनो, इतकं कोणी माझ्यासाठी कधी केलं नव्हतं.

मला शाळेत जमा करताना ती सरांना म्हणाली, "सर, गाडीचा दोरा गुंडाळून ठेवू नका हं. काडी वाकेल."

"आता तू मला शिकव," सर म्हणाले. "पाहुणे आले की लगेच चालली पाहिजे. तेव्हा काय दोरे गुंडाळत बसायचं?"

त्यांनी दोरा गच्च गुंडाळला, चाकांना दोन डस्टर अडकवले आणि कपाटाला कुलूप लावलं. पाहुणे आठ दिवसांनी येणार होते. तिसऱ्या दिवशी काडीला बाक आला. पाचव्या दिवशी आसाजवळचा डिंक सुटू लागला. आठव्या दिवशी सुई वाकली. मी कुणाला हाक मारणार?

पाहुण्यांसमोर मी तीन मीटर गेलो, लंगडत वळलो आणि खुर्चीच्या पायाला धडकलो. वर्ग हसला.

"वहीत तर चौदा लिहिलंय," पाहुणे म्हणाले. "कशाने मोजलंस?"

"आईच्या टेपने."

"वा. मग झग्यासारखं वाढवून मापलंस वाटतं."

सरही हसले. मुलगी म्हणाली, "सर, काडी बघा ना." सरांनी काडी पाहिली. हातातल्या दोन डस्टरांकडेही पाहिलं. मी त्यांना पाहताना पाहिलं आहे. मग त्यांनी डस्टर टेबलाखाली ठेवले आणि वहीत लाल शाईने लिहिलं: नोंदी बनावट.

आता मी पुन्हा पिठाच्या डब्यामागे आहे. वाकडी काडी तशीच आहे. मुलीने ती सोडवली नाही, आणि मला हातही लावला नाही. ती वही मशीनच्या डगमगत्या पायाखाली सरकवली आहे.

"तू खोटं लिहिलंस का?" आईने एकदा विचारलं.

"नाही."

"मग गप्प का बसलीस?"

मुलगी काजं करत राहिली. दहावीनंतर विज्ञान घेणार नाही म्हणते.

मित्रांनो, काम झालं की ताणलेली वस्तू सैल करा. माणसाचंही तेवढं बघा.

आणि सर, तुमच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न असतो: शास्त्रीय कारण द्या. आज तो मी विचारतो. चौदा मीटर जाणारी गाडी तुमच्या कपाटात आठ दिवस राहून तीन मीटरवर का आली? उत्तर त्याच वहीत लिहा, त्याच लाल शाईने. वही कुठे आहे ते सांगितलंच आहे. कधी येताय?