तेविसावे पत्र

मी एक जुना, उंदरांनी कुरतडलेला ग्रंथ आहे. मित्रांनो, पुस्तके शांत असतात असे तुम्हाला कोणी शिकवले असेल तर ते विसरा. मी शांत नाही. माझ्या पहिल्या पानावर एका चोराचे नाव छापले आहे आणि ते अंगावर वागवत मी छत्तीस वर्षे काढली आहेत.

फार पूर्वी, दूरच्या थंड मुलखात एक धर्मसुधारक होऊन गेला. गादीवर बसलेल्या धर्मगुरूंना त्याने पत्रे लिहून तोंडावर सुनावले. त्यातली बावीस पत्रे माझ्या पोटात आहेत. ती मराठीत आणली गोंदियाजवळच्या फुलचूरच्या मिशनशाळेतल्या उदाराम मास्तरांनी. इंग्रजी त्यांना कोणी शिकवली नव्हती. लहानपणी साहेबाच्या बंगल्यात पंखा ओढता ओढता त्यांनी शब्द उचलले. बर्फ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. एका पत्रात बर्फ आला तेव्हा ते महिनाभर अडून बसले. शेवटी लिहिले, ‘धानाच्या बांधीवर दव पडते तसे, पण गुडघाभर आणि टणक.’ असे एकेक वाक्य करत अकरा वर्षे गेली.

काम पुरे झाले आणि मिशनच्या मोठ्या साहेबाने कागद आपल्याकडे ओढले. म्हणाला, “उदाराम, इस पर नाम हमारा रहेगा. तुम्हारे नाम का किताब कौन पढ़ेगा?”

“जी, साहेब,” मास्तर म्हणाले.

घरी त्यांची बायको रुख्मा कडाडली. “अकरा वर्सं डोळे फोडले तुमी, आन ‘जी साहेब’ म्हनून आले? काऊन जी, जीभ झडली का?”

“ओरडू नको. नागपूरले जाऊन राहिलो. छापखान्यात.”

“कायले?”

“साहेबाले मराठी वाचता येते का? छापलेलं तपासाले मलेच धाडून राहिला.”

१९११ साली, त्या छापखान्यात मी जन्मलो. माझे आणखी चारशे नव्व्याण्णव भाऊ जन्मले. प्रत्येकाच्या कपाळावर साहेबाचे नाव होते. आणि प्रत्येकाच्या पोटात, बाविसाव्या पत्रानंतर, तेविसावे पत्र होते.

भावांना साहेबाने कुलपात ठेवले. मला प्रार्थनाघरातल्या मेजावर मांडले. दर रविवारी एक पत्र वाचायचे असे ठरले. वाचणारा होता मुन्नालाल, साहेबाचा लाडका उपदेशक. पुढचे पान आधी उघडून पाहण्याचा त्याला आळस. एकदा मंडईची जत्रा गाठायची म्हणून त्याने पत्राची दोन पाने गिळली. साहेब मराठी वाचत नसला तरी पाने मोजत होता. त्याने नियमच केला: सुरू केलेले पत्र संपवायचे, एक ओळ गाळायची नाही, आणि शेवटी सगळ्यांनी उभे राहून आमेन म्हणायचे.

बावीस रविवार मी दात आवळून वाट पाहिली. माझ्यातल्या बड्या धर्मगुरूंवरच्या शिव्या ऐकताना साहेब खुशीत मान डोलवी. त्या शिव्या त्याला दुसऱ्याच्या वाटत होत्या.

तेविसाव्या रविवारी मुन्नालालने खणखणीत आवाजात सुरुवात केली. “मंडळीस उदारामाचा सलाम...” आणि पुढच्या ओळीवर नजर जाताच तो अडखळला.

“पढ़ो, पढ़ो!” साहेब खुर्चीतून म्हणाला. “रुकना नहीं.”

मुन्नालाल वाचू लागला. पानाला त्याचा घाम लागत होता.

“वरची पत्रे ज्याने लिहिली तो मेला. ती मराठीत ज्याने आणली तो जिवंत आहे आणि शेवटच्या रांगेत बसला आहे. ज्याचे नाव पहिल्या पानावर आहे त्याला यातली एक ओळ वाचता येत नाही. दुसऱ्याचे धान कापून आपल्या खळ्यात नेणाऱ्याला आपल्या गावात काय म्हणतात ते मंडळीने आठवावे. पटत असेल त्यांनी आमेन म्हणावे.”

माणसे उठली. असे आमेन त्या कौलांखाली कधी झाले नव्हते. आणि सगळ्यांत मोठा आवाज साहेबाचा! किताबी मराठी त्याला उमगली नव्हती; गावची बोली तेवढी कळत होती.

पोहे कांडणारी धुरपताबाई पदर तोंडात कोंबून हसत होती. साहेब तिच्यावर डाफरला, “क्या हुआ? क्यों हँसता है?”

म्हातारी कोणाला भीत नव्हती. “तुमी चोर आहा असं लिवलं हाय, साहेब. आन तुमीच जोरानं आमेन म्हनलं!”

मित्रांनो, त्याचा चेहरा मी मेजावरून पाहिला. तो मला आजही पुरतो.

त्याच संध्याकाळी साहेबाने माझे सगळे भाऊ प्रार्थनाघरामागे जाळले. गडबडीत रुख्माने मला पदराखाली घेतले, म्हणून मी उरलो. मास्तरांची नोकरी गेली, खोली गेली. रेल्वेच्या मालधक्क्यावर त्यांनी वीस वर्षे पोती वाहिली आणि ते खोकून खोकून मेले. साहेब पेन्शन घेऊन विलायतेला गेला. मी रुख्माच्या घरी धान साठवायच्या ढोलीत पडून राहिलो. उंदरांनी माझे कोपरे खाल्ले, वाळवी पाठीला लागली. बाहेर काढून कोणी ऊन दाखवले नाही.

यंदा देश मोकळा झाला. प्रार्थनाघराचे नवे पाळक केशोराव रुख्माकडे आले. भला माणूस.

“आजी, ग्रंथ काचेच्या कपाटात ठेवतो. साहेबाच्या नावाचं पान फाडून टाकू. तिथं सोनेरी अक्षरांत मास्तरांचं नाव घालू.”

रुख्माने मला छातीशी धरले. “मास्तराचं नाव लिवा, बापू. मोठं लिवा. पन ते पान फाडाचं नाही. फाडलं त चोरी कोनं केली, हे उद्या कोनाले समजन?”

मित्रांनो, माझी काळजी घ्यायची तर घ्या. ऊन दाखवा, वाळवी झाडा, पाठ शिवा. पण माझे पहिले पान सांभाळा. ते सगळ्यात जास्त जपा. चोराचे नाव चोरीच्या मालावर राहू द्या.