बारीक आवाजाचे पक्षी

पियानोचे सूर लावण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. एकतीस वर्षं शाळा, सभागृहं, लोकांचे दिवाणखाने पालथे घातलेले. सगळे त्यांना ‘कानवाले’च म्हणत. उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी कानवाले आणि त्यांची बायको डबा घेऊन गावाबाहेरच्या कालव्यावर पक्षी बघायला जात. झाडाचं पानही हललेलं नसे आणि ते सांगत, “डावीकडे, वरच्या फांदीवर. चष्मेवाला.” बायको दुर्बीण लावून बघे, तर डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेला तो चिमुकला पक्षी तिथे असायचाच.

त्या रविवारी बाभळीखाली बसल्यावर ती कुजबुजली, “अहो, केवढा कलकलाट चाललाय! कोण हो हे?”

“कुठे?”

“पुरे झाली चेष्टा. डोक्यावर बघा तुमच्या.”

त्यांनी वर पाहिलं. पंधरावीस चष्मेवाले फांद्यांतून उड्या मारत होते. चोची उघडत होत्या, मिटत होत्या. आवाज मात्र नव्हता.

“चष्मेवाले,” ते म्हणाले. त्यांनी बघून सांगितलं, हे तिच्या लक्षात आलं. दुसऱ्याच दिवशी ती त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी तपासलं. “बारीक आवाज आधी जातात. गेलेलं काही परत येत नाही. मशीन लावू, बोलणं नीट ऐकू येईल.”

“आणि सूर?”

डॉक्टर कागदावर लिहीत राहिले.

तरी पुढचे दोन आठवडे ते कामावर गेले. शेवटी शाळेतल्या गाण्याच्या बाईंनीच विषय काढला. “काका, वरचे सूर चढे लागलेत. याही वेळी. मी... दुसऱ्या कुणाला बोलावू का?” बोलताना बाईंची मान खाली होती.

“बोलाव बाई. पोरांचे कान बिघडायला नकोत.”

रविवारी बायकोने त्यांना बळेबळेच बाहेर काढलं. “आज फुलपाखरं बघू. त्यांना कुठे आवाज असतो?”

घाणेरीच्या झुडपावर पिवळी फुलपाखरं खूप होती. बायको बोटाने दाखवत बारापर्यंत मोजत गेली. त्यांनी दोनदा “छान” म्हटलं. तेराव्याला त्यांच्याकडे बघितलं, तर ते डोळे मिटून बसले होते, मान एका बाजूला कलती करून.

“येतंय का काही ऐकू?” तिने विचारलं.

“पाणी. तेवढंच.” मग म्हणाले, “यापुढे तू एकटीच येत जा.”

एकटी ती कधीच गेली नाही. उन्हाळा तसाच सरला.